न हलणारी इमारत

विद्यापीठाने त्या वर्षी बीजनिधीच्या अर्जाला एक नवीच अट घातली. अर्जावर दोन वेगवेगळ्या विभागांच्या सह्या हव्यात, आणि त्यातला एक विभाग संगणकाचा हवा. अट जाहीर झाली आणि सगळ्या आवारात सोयरिकी जुळवायची धांदल उडाली. ज्यांनी आजवर संगणक विभागाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, ते इतिहासवाले आणि वनस्पतिशास्त्रवाले तिथल्या कॅन्टीनमध्ये खुर्च्या अडवून बसायला लागले, ओळख ना पाळख अशांना कॉफी पाजायला लागले. स्थापत्य विभागातल्या बाईंना मात्र स्थळ शोधत हिंडावं लागलं नाही. त्यांचा सख्खा दीर संगणक विभागात प्राध्यापक होता.

"घरातल्या घरातच उरकताय म्हणा," अर्ज हातात घेऊन अधिष्ठाता म्हणाले. संशोधनाचा सगळा निधी त्यांच्या सहीने सुटायचा, त्यामुळे त्यांच्या विनोदाला हसण्याची पद्धत होती.

"अटीत दोन विभाग लिहिलेत सर, दोन घराणी नाही लिहिलेली," दीर म्हणाला.

अर्ज मंजूर झाला. दीर त्यांना बैठकीतसुद्धा 'वहिनी' म्हणायचा आणि त्या त्याला 'भाऊजी'. महिन्याभरात शिपायापासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळे दोघांना याच नावांनी ओळखू लागले. वहिनींना आधी ते खटकलं. वीस वर्षं शिकवून शेवटी वहिनीच झालो, असं त्या घरी म्हणाल्या, तेव्हा नवऱ्याने, म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाने, वर्तमानपत्राच्या आडून फक्त "बढती आहे ती" एवढं म्हटलं.

काम सरळ होतं. शहरातल्या जुन्या इमारतींवर काड्यापेटीएवढी यंत्रं बसवायची. इमारत किती आणि कुठल्या बाजूला कलते आहे ते यंत्र सतत कळवणार, आणि भाऊजींचा प्रोग्रॅम त्या आकड्यांवर नजर ठेवून धोका दिसला की आधीच सांगणार. महागडी यंत्रं हे काम कधीपासून करत होती, पण ती परवडायची फक्त धरणांना आणि मोठ्या पुलांना. स्वस्तातल्या यंत्रांकडून तेच काम करून घ्यायचं, ही या दोघांची कल्पना. पाण्याची जुनी टाकी, न्यायालयाची इमारत, मालगोदाम, दोन शाळा, इस्पितळाचा मागचा भाग, अशा जागा वहिनींनी निवडल्या आणि स्वतः शिडीवर चढून यंत्रं बसवून घेतली.

स्वस्त यंत्रात एक खोट असते. ते उन्हाने बहकतं, थंडीने बहकतं, जुनं झालं की आपलं आपणच बहकतं. इमारत जागची हलत नाही आणि यंत्र मात्र ती कलल्याचं कळवत राहतं. यावर उपाय जुना आणि सर्वमान्य आहे. त्याच जातीचं एक यंत्र अशा ठिकाणी बसवायचं, जे ठिकाण हलत नाही याची खात्री आहे. ते यंत्र जे काही दाखवेल तो यंत्राचा दोष समजायचा आणि बाकीच्या सगळ्यांच्या आकड्यांतून तेवढा वजा करायचा.

"मग न हलणारी इमारत कुठली धरायची?" भाऊजींनी विचारलं होतं.

वहिनींनी उत्तरादाखल पायाखालच्या फरशीवर टाच आपटली. दोघंही तेव्हा संगणक विभागात, भाऊजींच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसले होते. विद्यापीठातली सर्वांत नवी इमारत, सहा मजली, बांधकामाच्या वेळी वहिनींनी स्वतः सिमेंट तपासलेलं. भाऊजी हसले आणि त्यांनी यंत्र तळमजल्यावरच्या खांबाला डकवलं.

चूक झाली ती इथे. खोलीत तिसरा कोणी जाणकार असता तरी त्याने मान डोलावली असती, इतकी ती साधी होती. ज्या इमारतीत बसून आपण दुसऱ्यांच्या इमारती मोजतो, तिच्याबद्दल शंका घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही.

पुढे दोन-तीन महिन्यांतच या इमारतीच्या पूर्वेला खोदकाम सुरू झालं. माहिती तंत्रज्ञानाचं नवं केंद्र तिथे उभं राहणार होतं, जमिनीखाली दोन मजले आणि वर आठ. बीजनिधीतून ज्यांचं काम उगवून येईल त्यांना पुढच्या टप्प्याचा मोठा निधी आणि या केंद्रात आख्खा मजला मिळणार, असं अधिष्ठात्यांनी दोनदा खासगीत आणि एकदा सभेत सांगितलं होतं. खड्ड्याला खाली पाणी लागलं. पाणी उपसायला पंप बसले, आणि त्यांची घरघर अष्टौप्रहर ऐकू यायला लागली. आठवड्याभरात ती कुणाला ऐकू येईनाशी झाली.

पाचव्या मजल्यावर विभागाचं वाचनालय होतं आणि ते सांभाळायची भाऊजींची बायको, म्हणजे वहिनींची धाकटी जाऊ. तिला सगळे जाऊबाई म्हणत, तेही वहिनींच्याच नात्याने. जाऊबाईंचा आवाज वाचनालयाला साजेसा नव्हता, आणि त्या तो साजेसा करायच्याही नाहीत.

"ताई, तुमच्या त्या यंत्राला विचारा बाई, माझं दार कोण धरून ठेवतं ते," एकदा दुपारी त्या म्हणाल्या. वहिनी पुस्तक परत करायला आल्या होत्या. "दोनदा सुतार येऊन तासून गेला. तिसऱ्यांदा आला तर दाराची फळी व्हायची."

"दमट हवेने फुगलं असेल."

"लोखंडी चौकटीतलं दार आहे. फुगायला ते काय माझ्यासारखं आहे?" जाऊबाईंनी पुस्तकांची ढकलगाडी एका हाताने थांबवली. ती हळूच खिडकीकडे निघाली होती. "आणि हिलाही पाय फुटलेत. मी पाठ वळवली की ही निघाली बाहेर बघायला."

वहिनी हसल्या आणि खाली उतरल्या. चाकांना तेल जास्त झालं असेल, असं त्यांना वाटलं. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात पाण्याची टाकी होती.

कारण त्या सुमारास यंत्रांच्या रेषा बिघडल्या होत्या. पडद्यावर प्रत्येक इमारतीची एक आडवी रेषा असायची. इमारत स्थिर तर रेषा सपाट. आता सगळ्याच रेषा हळूहळू वर चढायला लागल्या होत्या, जणू टाकी, न्यायालय, मालगोदाम, शाळा, इस्पितळ सगळेच एकजुटीने पश्चिमेला कलत होते.

"आख्खं शहर एकाच बाजूला कसं कलेल?" भाऊजी म्हणाले. "सगळ्यांनी ठरवून कलायला काय मोर्चा आहे? हा यंत्रांचाच गुण आहे. एका घाण्यातली निघाली ना सगळी."

"मग संदर्भाचं यंत्र वजा करून तो गुण जायला हवा होता."

"नाही गेला पूर्ण. थोडा उरला." भाऊजींनी खुर्ची पुढे ओढली. "सोपं आहे वहिनी. जे सगळ्यांत सारखं दिसतंय ते काढून टाकायचं. प्रोग्रॅमला शिकवतो मी. एखादीच इमारत वेगळी वागली तर तो ओरडेल. सगळ्या मिळून काही करत असतील तर तिकडे काणाडोळा."

वहिनींनी क्षणभर विचार केला. मग त्या हो म्हणाल्या. ते हो त्यांचंच होतं, आणि त्यांनी ते नंतर कधी दुसऱ्याच्या नावावर ढकललं नाही. प्रोग्रॅम शिकला. रेषा पुन्हा सपाट झाल्या, पहिल्यापेक्षाही सुंदर. अधिष्ठात्यांनी त्या पडद्यावर पाहिल्या आणि म्हणाले, "ही बघा, ही खरी सुबत्ता." त्यांना स्थिरता म्हणायचं असावं. कुणी दुरुस्त केलं नाही.

मोठ्या निधीसाठी सादरीकरण ठरलं. बाहेरून पाहुणे येणार, सहाव्या मजल्यावरच्या सभागृहात बैठक होणार. वहिनींचा स्वभाव असा की पाहुण्यांसमोर जाण्याआधी घरातली भांडी स्वतः घासून बघायची. एखाद्याने विचारलं की बाई, हे आकडे हाताने पडताळलेत का, तर काय सांगणार? म्हणून त्या दुर्बिणीचं जुनं मोजणी-यंत्र घेऊन पाण्याच्या टाकीवर गेल्या. काम सुरू होण्याआधी त्यांनी ती टाकी याच यंत्राने मोजली होती. आता पुन्हा मोजली. टाकी होती तिथेच होती, केसभरही हलली नव्हती.

हे चांगलंच होतं. तरीही परत येताना बसमध्ये वहिनींना एक गोष्ट टोचत राहिली. भाऊजींनी प्रोग्रॅमला काणाडोळा करायला शिकवण्याआधी टाकीची रेषा वर चढली होती. यंत्रांचा सामाईक गुण म्हणून दोघांनी ती सोडून दिली. पण गुण यंत्राचा असेल तर तो यंत्राच्या मूळ आकड्यात दिसायला हवा, वजाबाकी करण्याच्याही आधी. मूळ आकडे मग कुणी पाहिलेच नव्हते. पाहायची गरजच काय होती?

त्या थेट भाऊजींच्या खोलीत गेल्या.

"टाकीचा मूळ आकडा दाखवा. काही वजा न करता."

"वहिनी, त्यात नुसता कचरा असतो. दिवसरात्रीची वरखाली."

"कचराच बघायचाय मला."

भाऊजींनी खांदे उडवले आणि रेषा काढली. ती दिवसा वर, रात्री खाली अशी नागमोडी जात होती, पण एकंदरीत सपाट. कुठेही चढलेली नाही.

"न्यायालय," वहिनी म्हणाल्या.

सपाट.

"मालगोदाम. शाळा. इस्पितळ."

एकेक रेषा येत होती आणि प्रत्येक सपाट होती. खिडकीबाहेर पंपाची घरघर होती, आणि वहिनींना ती पुष्कळ दिवसांनी ऐकू आली.

"आता आपलं," त्या म्हणाल्या.

भाऊजींचा हात थांबला. मग त्यांनी तळमजल्यावरच्या खांबाची रेषा काढली. ती डावीकडून निघाली, काही अंतर सरळ गेली, आणि खोदकाम जिथे सुरू झालं तिथून पूर्वेकडे उतरू लागली. कुठेही थांबली नव्हती. उलट शेवटाकडे तिचा उतार वाढत गेला होता.

तराजूचा काटा वाकला की पारड्यातलं प्रत्येक धान्य कमी भरतं आणि दोष धान्याला जातो. इथे तेच झालं होतं. हलत होती ती संदर्भाची इमारत. तिचा कल बाकी सगळ्यांतून वजा होत होता, म्हणून सगळं शहर उलट बाजूला कलताना दिसत होतं. मग सगळ्यांत सारखं दिसतं म्हणून प्रोग्रॅमने नेमकं तेवढंच पुसून टाकलं होतं. धोका पाहायला बनवलेल्या वस्तूला त्यांनी एकच धोका न पाहायला शिकवलं होतं, आणि ती मन लावून शिकली होती.

"यंत्र बिघडलं असेल," भाऊजी शेवटी म्हणाले. "एक यंत्र बिघडलं. एवढंच."

"असेल. मी ओळंबा सोडते. शिशाचा गोळा बिघडत नाही."

जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेत सहाव्या मजल्यापासून तळापर्यंत दोरी सोडून तिला खाली वजन बांधलं की ती दोरी सरळ जमिनीकडे बोट दाखवते. वहिनींनी गोळ्याचं टोक जिथे स्थिरावलं तिथे फरशीवर खडूने फुली मारली. येणारेजाणारे विद्यार्थी ओलांडून जात होते. जाऊबाई पाचव्या मजल्यावरच्या कठड्यावरून डोकावल्या.

"ताई, विहीर खणताय का?"

"मोजतेय गं."

"काय मोजताय?"

वहिनींनी वर पाहिलं. जाऊबाईंचा चेहरा उंचावर लहानसा दिसत होता. त्यांच्या मागे वाचनालय होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत कपाटं, आणि ती सगळी पूर्वेच्या बाजूला, कारण पश्चिमेच्या उन्हाने पुस्तकं पिवळी पडतात.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गोळ्याचं टोक फुलीवर नव्हतं. नखाच्या जाडीएवढं ते खड्ड्याच्या बाजूला सरकलं होतं. एका दिवसात नखाएवढं सरकणं म्हणजे काय, हे वहिनींनी आयुष्यभर शिकवलं होतं. इमारती पडतात त्या हळूहळू कलतात आणि मग एकदम पडतात. हळूहळू कुठे संपतं आणि एकदम कुठे सुरू होतं, ते कोणतंही पुस्तक आधी सांगत नाही.

भाऊजी गुडघ्यावर बसून फुली आणि गोळ्यातलं अंतर पाहत होते. "परवा सादरीकरण आहे," ते म्हणाले.

"माहितीय मला."

"ते होऊ दे. मग दोघं मिळून सांगू. दोन दिवसांनी काय होतंय? इतके महिने उभी आहे ना."

"भाऊजी, वर तुमची बायको बसते."

"आणि खाली मी बसतो, म्हणूनच म्हणतोय. मला नाही का भीती?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "आत्ता सांगितलं तर म्हणतील, सगळा प्रकल्पच चुकलेला. आठ महिन्यांचं काम पाण्यात. माझ्याकडे दुसरं काही नाही वहिनी. तुमचं नाव झालंय. मी अजून तुमचा दीर आहे."

वहिनी एकट्याच अधिष्ठात्यांकडे गेल्या.

अधिष्ठात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलावरचा शेवटचा अहवाल उघडून बोट ठेवलं. "हे तुम्हीच लिहिलंय ना? पहिल्याच ओळीत? 'संगणक विभागाची इमारत स्थिर असून तिचा कल शून्य.' आधीच्या अहवालातही हेच. त्याच्या आधीच्यातही."

"ते आम्ही गृहीत धरलं होतं सर. मोजलं नव्हतं."

"मग मोजलेलं बरोबर की गृहीत धरलेलं बरोबर, हे मी कसं ठरवू? आठ महिने यंत्र बरोबर होतं, त्यावर मी पैसे सोडले. आज तुम्ही म्हणता यंत्र चूक आणि दोरी बरोबर. उद्या म्हणाल दोरी चूक." त्यांचं बोलणं उद्धट नव्हतं. तेच जास्त वाईट होतं. "काल चुकलात हे तुम्हीच सांगताय. आज चुकत नाही, हे कशावरून?"

"निदान पंप तरी थांबवायला सांगा. पाणी उपसलं की खालची माती बसते."

"ते कंत्राटदाराचं काम. थांबवला तर खड्डा भरेल, आणि बिल मला येईल."

"सादरीकरण तरी दुसरीकडे घ्या."

"पाहुण्यांना काय सांगू? आमची सगळ्यात नवी इमारत आम्हालाच भरवशाची वाटत नाही?" ते उठले. "बाई, लेखी द्या. समिती नेमू."

वहिनींनी तिथेच बसून लेखी दिलं. संध्याकाळी त्या धाकट्या जावेकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. जाऊबाईंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही, हे त्यांच्या संसारात प्रथमच घडत असावं.

"म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या अखेर म्हणाल्या. "बरं. उद्यापासून सुटी टाकू का मी?"

"टाक."

"आणि वाचायला येतात ती पोरं? त्यांना कोण सुटी देणार?"

सादरीकरणाच्या सकाळी जाऊबाई नेहमीप्रमाणे कामावर आल्या. वहिनी आधी जिन्यापाशी गेल्या. गोळा फुलीपासून बोटभर दूर होता. आदल्या संध्याकाळी तो अर्ध्या बोटावर होता. भाऊजी तिथे आधीच येऊन उभे होते, नवा कोट घालून, संगणक छातीशी धरून. दोघांनी जिना चढायला सुरुवात केली. लिफ्ट सकाळपासून बंद होती. दुरुस्तीवाला म्हणत होता, आतली रूळपट्टी कुठेतरी घासतेय.

सभागृह भरलेलं होतं. अधिष्ठात्यांनी दोन वाक्यांत विद्यापीठाची आणि चारांत स्वतःची ओळख करून दिली. भाऊजी उभे राहिले. पडद्यावर सपाट रेषा आल्या, एकाखाली एक, वहीवर आखल्यासारख्या. पाहुण्यांपैकी एकीने कौतुकाने मान हलवली. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. भाऊजींनी तोंड उघडलं नाही तर आपण उठायचं, हे त्यांचं ठरलं होतं. पण त्या उठल्या तर लोकांना त्यात कुटुंबातलं भांडण दिसेल, आणि भांडण मिटेपर्यंत कुणी जागचं हलणार नाही, हेही त्यांना कळत होतं. पडद्यावरचं काम भाऊजींचं होतं. ते भाऊजींनीच मोडायला हवं होतं.

"या रेषा खोट्या आहेत," भाऊजी म्हणाले.

अधिष्ठाता हसले. त्यांना वाटलं, सुरुवातीचा विनोद असेल.

"आम्ही प्रोग्रॅमला एक गोष्ट पाहू नको म्हणून शिकवलं. आता तो ती पाहील." भाऊजींनी एक बटण दाबलं. सगळ्या रेषा एकदम नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी एकच उरली. "ही आपण बसलोय ती इमारत. हे खोदकाम सुरू झालं ते. हा काल. आणि हा आज सकाळचा भाग."

आजचा भाग उरलेल्या सगळ्या रेषेपेक्षा तिरका होता. मोठ्या पडद्यावर तो मागच्या रांगेपर्यंत दिसत होता. लोक बघत असतानाच त्याचं टोक आणखी थोडं खाली आलं.

"म्हणजे आत्ता?" कौतुकाने मान हलवणारी पाहुणी म्हणाली.

"आत्ता."

कुणी ओरडलं नाही. पाहुणीने आपली पर्स उचलली आणि ती दाराकडे चालू लागली, तशी इतरांनीही आपापल्या वस्तू उचलल्या. अधिष्ठाता "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत राहिले. वहिनी त्यांना वळसा घालून बाहेर आल्या तेव्हा खालच्या मजल्यावरून जाऊबाईंचा आवाज येत होता. "पुस्तकं तिथेच ठेवा. हो, तेही. उद्या कुणी नेणार नाही ते. चला, खाली. भिंतीच्या बाजूने उतर रे, कठडा धरू नकोस."

इमारत रिकामी झाली. खालच्या पटांगणात गर्दी जमली, आणि बाहेर उन्हात उभं राहिल्यावर थोड्याच वेळात सगळ्यांना जरा ओशाळल्यासारखं वाटायला लागलं. इमारत उभी होती. ती कललेली दिसत नव्हती. देखभालीचा अभियंता आत जाऊन वरपर्यंत फिरून आला.

"भेग नाही कुठे," तो म्हणाला. "मी तळापासून बघितलं. एक भेग नाही."

"पाचव्यावर गेलात?" वहिनींनी विचारलं.

"पाचव्याचं दार उघडेना. चिकटलंय जरा."

अधिष्ठात्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "ठीक आहे. पाहणी झाली. आपण सभागृहाऐवजी पहिल्या मजल्यावर बसू. बाकी विभागाचं काम सुरू करा." ते भाऊजींकडे वळले नाहीत. "या प्रकल्पाचं आपण नंतर बघू."

लोक हलले. कुणाचा डबा आत होता, कुणाचा फोन, कुणाची परीक्षा. चार-पाच जण पायऱ्यांपर्यंत पोचलेसुद्धा.

वहिनी पुढे झाल्या आणि दाराच्या मधोमध, सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्या. साडी आवरून, पाय जुळवून, बस थांब्यावर बसावं तशा.

"बाई, उठा," अधिष्ठाता म्हणाले. "शोभत नाही हे."

"नसेल शोभत."

"तुमच्या विभागप्रमुखांना बोलवू का?"

"बोलवा. त्यांनाही वाट देणार नाही."

कुणीतरी हसलं. भाऊजी गर्दीत उभे होते, कोटाची बटणं अजून लावलेली. अधिष्ठात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात नव्या केंद्रातला मजला होता, मोठा निधी होता, पुढची दहा वर्षं होती. भाऊजींनी संगणक जवळच्या विद्यार्थिनीच्या हातात दिला, पायऱ्या चढले आणि वहिनींच्या शेजारी बसले. दोघांमिळून दार पुरतं अडलं.

"सरका जरा, माझ्यासाठी जागा ठेवा," जाऊबाई खालून म्हणाल्या. पण त्या आल्या नाहीत. त्या वर कुठेतरी पाहत होत्या.

पाचव्या मजल्यावरची एक काच तडकली. आवाज फार मोठा नव्हता, पेल्यात गरम पाणी ओतल्यावर पेला जातो तेवढा. तावदान चौकटीतच राहिलं, फक्त त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरी रेघ उमटली. मग शेजारची. मग चौथ्या मजल्यावरची, बरोबर तिच्या खालची.

पायऱ्यांवर चढलेले लोक उतरले. पटांगणातली गर्दी मागे सरकली, आधी थोडी, मग पुष्कळ, झाडांच्याही पलीकडे. अधिष्ठाता त्यांच्यात होते. फोन कानाला लावून ते कुणाला तरी विचारत होते की पंप बंद करायला नेमकं कोणाला सांगायचं असतं.

वहिनींना पाठीमागे, रिकाम्या जिन्यातून, बारीक वाळू पडल्यासारखा आवाज येत होता. तो थांबेल म्हणून त्या ऐकत राहिल्या. शेजारी भाऊजीही ऐकत होते. दोघांचेही हात गुडघ्यांवर होते आणि दोघांनाही उठायचं सुचत नव्हतं.

जाऊबाई एकट्याच परत पुढे आल्या, पायऱ्यांच्या तळाशी थांबल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच वाचनालयाला साजेसा होता.

"उठा दोघं," त्या म्हणाल्या. "सगळे मागे गेलेत. आता दारात तुम्हीच राहिलात."